‘एनिग्मॅटिक ओशन’मध्ये व्हायोलिन नाही, या आपल्या तक्रारीबद्दल

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाबद्दल लिहिलेला अभिप्राय मी पुन्हा पुन्हा वाचला. जाँ-ल्यूक पाँती यांची ‘एनिग्मॅटिक ओशन’ ही रेकॉर्ड आपण वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी आमच्याकडून २,८०० रुपयांना नेलीत, ती घरी लावल्यावर त्यांचा विरस झाला आणि चोवीस दिवसांनी ती परत करायला आलात तेव्हा काउंटरवरचा आमचा मुलगा आपल्याशी तुटकपणे बोलला, असे आपण लिहिले आहे. त्याच्या बोलण्याबद्दल आणि वडिलांच्या विरसाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. वडीलधाऱ्या माणसासाठी हौसेने नेलेली वस्तू त्यांना रुचू नये, याचे वाईट वाटणारच. मुलाला मी समज दिली आहे.

परंतु त्याच अभिप्रायात पुढे असे वाक्य आहे: “जाझ व्हायोलिन सांगून इलेक्ट्रिक गिटारची रेकॉर्ड माथी मारली, अख्ख्या रेकॉर्डमध्ये व्हायोलिन कुठेच नाही.” रेकॉर्ड आवडली नाही, महाग वाटली, हे जाझच नव्हे असे वाटले, एवढेच आपण लिहिले असते तर मी गप्प बसलो असतो. हे वाक्य मात्र थेट माझ्या सचोटीबद्दल आहे. जुन्या रेकॉर्डच्या धंद्यात गिऱ्हाईक दुकानदाराच्या शब्दावर पैसे मोजते, कारण सुई टेकेपर्यंत आत काय आहे ते त्याला दिसत नाही. आपला अभिप्राय आल्यापासून दोन जुन्या ग्राहकांनी मला फोन करून “ते खरे आहे का?” असे विचारले. बावीस वर्षे दुकान चालवल्यानंतर हा प्रश्न ऐकणे सोपे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाँती हे व्हायोलिनवादकच आहेत. १९४२ साली फ्रान्समधील आव्राँश येथे त्यांचा जन्म झाला. वडील व्हायोलिन शिकवत आणि आई पियानो. पॅरिसच्या काँझर्वातवार या संगीत महाविद्यालयातून व्हायोलिनचे पहिले पारितोषिक घेऊन ते बाहेर पडले आणि त्यानंतर तेथील लामूरो वाद्यवृंदात त्यांनी सुमारे तीन वर्षे अभिजात संगीत वाजवले. १९६६ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ज्या मैफलीत स्टेफान ग्रापेली, स्टफ स्मिथ आणि स्वेंड आस्मुसेन हे जाझ व्हायोलिनचे तीन ज्येष्ठ एकत्र वाजवत होते, तीत चौथा, सर्वांत तरुण वादक पाँती होते. आपण दुकानात पहिल्याच वाक्यात ग्रापेली यांचे नाव घेतले होते. त्यांच्याच पंक्तीला बसलेल्या माणसाची रेकॉर्ड मी आपल्या हाती दिली.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे आपल्याला गिटार का ऐकू आली. ‘एनिग्मॅटिक ओशन’वर गिटार आहे, आणि एक नव्हे, दोन वादकांची आहे: अ‍ॅलन होल्ड्सवर्थ आणि डॅरिल स्टुअर्मर. कव्हरवर दोघांची नावे छापलेली आहेत आणि ती मी आपल्याला बोटाने दाखवली होती. पाँती यांचे व्हायोलिनही इलेक्ट्रिक आहे. साध्या व्हायोलिनमध्ये तारेचे कंपन घोडीतून लाकडी पेटीत उतरते आणि पेटीची गुंज आपल्या कानावर येते. इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये तेच कंपन पिकअप नावाचा छोटा भाग उचलतो, त्याची वीज होते, ती इको आणि फेझरसारख्या आवाज बदलणाऱ्या यंत्रांतून फिरून स्पीकरवर येते. लाकडाची ऊब त्यात कमी होते, हे मी नाकारत नाही. मात्र गज तोच असतो, डाव्या हाताची बोटेही तशीच चालतात.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपले वडील गजाननबुवा जोशी यांचे व्हायोलिन ऐकत मोठे झाले, असे आपण लिहिले आहे. बुवा स्वतः गवई होते, त्यामुळे त्यांच्या गजातून गाणे यायचे. ज्याच्या कानात ते बसले आहे, तो व्हायोलिनमध्ये माणसाचा गळा शोधणार. पाँती जाझकडे वळले ते व्हायोलिन घेऊन नव्हे. तरुणपणी ते क्लॅरिनेट आणि मग सॅक्सोफोन ही फुंकून वाजवायची वाद्ये वाजवत असत, आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन व ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या वादनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. म्हणून त्यांच्या व्हायोलिनचे वाक्य फुंकून वाजवायच्या वाद्यासारखे येते: सलग, वेगवान, फार आंदोलन न घेता. होल्ड्सवर्थ यांनाही मुळात सॅक्सोफोनच वाजवायचा होता, आणि गिटार हाती आल्यावर प्रत्येक स्वर न छेडता डाव्या हाताच्या बोटांनी स्वर जोडत जाण्याची रीत त्यांनी घडवली. म्हणजे या रेकॉर्डवर व्हायोलिन आणि गिटार ही दोन्ही वाद्ये सॅक्सोफोनच्या ओढीने वाजत आहेत. शीर्षक-रचनेत तर ती एकापाठोपाठ एक पुढे येतात आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याची गफलत होणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याला कान नाही असे मला अजिबात म्हणायचे नाही. माझीही पहिल्या ऐकण्यात हीच गफलत झाली होती, पण म्हणून व्हायोलिन नाही असे होत नाही. पहिल्या बाजूची ‘मिराज’ ही रचना शांतपणे लावावी. तालाचे चक्र खाली फिरत राहते आणि वर जी लांब सुरावट तरंगते, ते व्हायोलिन आहे.

“हे जाझ नव्हे” हे आपले मत मात्र मी मान देऊन स्वीकारतो, कारण त्या काळातील अनेक जाझप्रेमींचेही तेच म्हणणे होते. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जाझ-रॉक वादकसमूहात १९७४-७५ मध्ये वाजवून आलेल्या या वादकाने रॉकचा ठेका धरला, याचे जुन्या रसिकांना दुःख झाले. तरीही हीच रेकॉर्ड अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत-पत्रिकेच्या जाझ यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि सर्व प्रकारच्या संगीताच्या यादीत पस्तीसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. जाझ म्हणून ती अटलांटिक कंपनीने विकली, श्रोत्यांनी घेतली, आणि मी तिला जाझच्या कप्प्यात ठेवले. ते लेबल मी मनाने लावलेले नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी आपण आलात, तरी मी पहिली बाजू लावली होती. त्यातील बराचसा वेळ आपण बाहेर पायरीवर फोनवर बोलत होता. फोन महत्त्वाचा असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण “ऐकवलीच नाही” असे जे आपण लिहिले आहे, ते तसे घडलेले नाही. परत घेण्याची मुदत सात दिवसांची आहे आणि ती बिलावर छापलेली आहे. किंमतीबद्दल एवढेच सांगतो की ती अमेरिकेत १९७७ साली छापलेली प्रत आहे, दोन्ही बाजूंवर ओरखडा नाही, आणि तीत माझा नफा आपल्याला वाटतो तितका नाही.

माझ्याकडून राहिले ते हे, की वडिलांना कोणते व्हायोलिन आवडते हे मी आधी विचारायला हवे होते. यापुढे अशा रेकॉर्डच्या कार्डावर वाद्य इलेक्ट्रिक आहे हे लिहिण्याचा प्रयत्न करू, आणि निवांत ऐकण्यासाठी काही सोय करता येईल का तेही पाहत आहोत.

मुदत उलटली असली तरी ती रेकॉर्ड आपण घेऊन यावी. ग्रापेली यांची साध्या व्हायोलिनवरची एक चांगली प्रत सध्या माझ्याकडे आहे, ती बदलून देईन आणि फरकाचे पैसे मागणार नाही. शक्य असल्यास वडिलांनाही सोबत आणावे, बसायला खुर्ची आहे, आणि सकाळी अकरा ते एक या वेळात दुकानात गर्दी नसते. बदलून देण्यापूर्वी मला त्यांना ‘मिराज’ एकदा ऐकवायची आहे. त्यांना त्यात व्हायोलिन ऐकू आले तर आपल्या अभिप्रायातील ते एक वाक्य तेवढे बदलावे, ही विनंती. अभिप्रायात आपण दुकानाला दिलेला तारा एकच राहिला तरी माझी हरकत नाही.

आपला,
दुकानाचा मालक