प्रतिक्रियेला उत्तर : रेप्लिका असताना बॅकअप कशाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया अनुभवातून आली आहे, म्हणून तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटलं नाही. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो.

रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसचे बदल लगेच घेत राहणारी दुसऱ्या मशीनवरची प्रत, हा बॅकअपला पर्याय नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे पुस्तकी वाक्य आहे. तुमच्याकडे दूध संकलनाचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं आणि त्याच खोलीत दुसऱ्या मशीनवर स्ट्रीमिंग रेप्लिका आहे. पावसाळ्यात मुख्य सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. तुम्ही रेप्लिका प्रमोट केलीत, म्हणजे तिलाच मुख्य सर्व्हर केलंत, आणि पंधरा मिनिटांत संध्याकाळचं संकलन सुरू झालं. रात्रीच्या डंपच्या, म्हणजे रात्री एकदा फाइलीत काढलेल्या पूर्ण प्रतीच्या, भरवशावर राहिला असतात, तर सकाळच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या. मग छोट्या माणसाला दुहेरी खर्चात का पाडता, हा तुमचा सवाल.

मशीन बंद पडण्यापुरतं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्या संध्याकाळी डंपने काही साधलं नसतं, रेप्लिकेनेच तारलं. त्यामुळे रेप्लिका काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण सर्व्हर बंद पडणं ही डेटा जाण्याची एकच वाट आहे, आणि मला जास्त काळजी दुसऱ्या वाटेची वाटते.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. दुधाचा दर बदलला, तो एक तारखेपासून लागू करायचा आहे. कुणीतरी थेट डेटाबेसमध्ये जाऊन संकलनाच्या टेबलवर अपडेट चालवतं आणि कुठल्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी तारखेची व्हेअरची ओळ राहून जाते. एंटर दाबल्यावर स्क्रीनवर येतं ‘अपडेट ४१२८६०’. म्हणजे या दहा दिवसांच्या बिलापुरत्या नव्हे, आजवरच्या सगळ्या नोंदींचा दर बदलला. फॅट, एसएनएफ, लिटर सगळं जागेवर आहे, पण कुठल्या शेतकऱ्याला मागे कोणता दर लागला होता ते गेलं. आता रेप्लिकेकडे बघा. दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर असतील, तर हा बदल साधारण काही मिलिसेकंदांत तिथेही पोचलेला असतो. आणि यात रेप्लिकेचं काहीच चुकलेलं नाही, मुख्य सर्व्हरवर झालं ते हुबेहूब करणं हेच तिचं काम. चुकून ड्रॉप टेबल करून अख्खं टेबल पुसलं तर तेच, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतल्या बगचं तेच. अशा वेळी कितीही रेप्लिका असल्या तरी त्या सगळ्या सारख्याच चुकलेल्या असतात.

हे फक्त छोट्या ठिकाणी होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या दुय्यम डेटाबेसचं रेप्लिकेशन मागे पडून तुटलं होतं. ते नव्याने जोडायचं म्हणून दुय्यम मशीनवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती. रात्री उशिरा ती पुसण्याची कमांड चुकून मुख्य मशीनवर चालली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं, आणि दुय्यम मशीन तर आधीच रिकामं केलेलं. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप बनतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि डंप घेणारं साधन ९.२ चं. तो फसल्याचे ईमेल निघत होते, पण ईमेल खरे आहेत का हे पाहणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. शेवटी कामाला आला तो एक स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची एका क्षणाची प्रत. चाचणीच्या सर्व्हरसाठी कुणीतरी साधारण सहा तास आधी तो हाताने घेतला होता. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबने हे सगळं स्वतः जगजाहीर केलं, म्हणून आज आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे. यात माझं म्हणणं तर आहेच, पण तुमच्या बाजूचाही एक मुद्दा आहे : नुसता रात्रीचा डंप लावून ठेवला म्हणजे बॅकअप झाला, असंही नाही.

आता दिवसभराच्या नोंदी जाण्याचा तुमचा आक्षेप. त्यावर उपाय पोस्टग्रेसमध्येच आहे आणि त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. तुमची रेप्लिका ज्या वॉल नोंदींवर (डेटाबेसमधला प्रत्येक बदल क्रमाने लिहिलेल्या नोंदी) चालते, त्याच १६ एमबीच्या फाइलींच्या रूपात तिसऱ्या जागी जमा करायच्या. आठवड्यातून एकदा पीजी बेसबॅकअप या साधनाने पूर्ण प्रत घ्यायची आणि मधल्या काळातली प्रत्येक वॉल फाइल आर्काइव्ह कमांड या सेटिंगने बाहेर पाठवायची. आर्काइव्ह टाइमआउट, म्हणजे फाइल भरली नसली तरी ती पाठवण्याची मुदत, पाच मिनिटांवर ठेवलात, तर जास्तीत जास्त पाचेक मिनिटांचं काम धोक्यात राहतं. साधारण हिशोब सांगतो : पाच मिनिटांना एक फाइल म्हणजे दिवसाला २८८, म्हणजे साडेचार जीबीच्या आसपास. बऱ्याच फाइली अर्ध्याअधिक रिकाम्या असतात, त्यामुळे कॉम्प्रेस केल्यावर त्या खूप लहान होतात, आणि रात्री काही लिहिलंच जात नसेल तर नवी फाइल बनतही नाही. तुमचा खर्च म्हणजे एक जादा डिस्क आणि ती ठेवायला दुसरी इमारत.

वरचा अपडेट दुपारी २ वाजून ३६ मिनिटांनी झाला असं समजू. जुनी पूर्ण प्रत वेगळ्या मशीनवर उघडायची, रिकव्हरी टार्गेट टाइम या सेटिंगमध्ये २ वाजून ३५ मिनिटं लिहायचं आणि पोस्टग्रेस सुरू करायचं. ते एकेक वॉल फाइल लावत पुढे येतं आणि त्या वेळेला थांबतं. तिथून फक्त संकलनाच्या टेबलमधले जुने दर काढून चालू डेटाबेसमध्ये घालता येतात. संध्याकाळचं संकलन थांबवावं लागत नाही, आणि २:३६ नंतरच्या नोंदीही जागेवर राहतात.

रेप्लिकेवरच भर द्यायचा असेल तर आणखी एक सोय आहे. दुसरी एक रेप्लिका मुद्दाम मागे ठेवता येते, चार तास म्हणा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.४ पासून आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ५.६ पासून. नोंदी तिच्याकडे लगेच पोचतात, फक्त लागू उशिरा होतात. चूक चार तासांच्या आत लक्षात आली की तिचं रिप्ले, म्हणजे नोंदी लागू करणं, थांबवायचं आणि हवं तिथपर्यंतच पुढे न्यायचं. मला ही पद्धत आवडते, पण वॉल साठवण्याला पर्याय म्हणून नाही. शनिवारची चूक सोमवारी सापडली तर या रेप्लिकेचा काही उपयोग नाही.

तुमच्या त्या पंधरा मिनिटांबद्दलही दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रमोट केल्यापासून नवा सर्व्हर येईपर्यंत तुम्ही एकाच मशीनवर होतात ना? ते दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि नेमके तेव्हाच हाताशी काही नसतं. दुसरं, मुख्य सर्व्हर मेला नसता, नुसता नेटवर्कचा स्विच गेला असता आणि तुम्ही रेप्लिका प्रमोट केली असतीत, तर? स्विच परत आल्यावर दोन मुख्य सर्व्हर झाले असते : काही केंद्रं जुन्या पत्त्यावर लिहितायत, काही नव्या. अशा दोन वेगळ्या वाटांनी गेलेल्या नोंदी जुळवणं अतिशय किचकट. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या गिटलॅबसारख्याच सेवेचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा नेटवर्क दुवा ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात पश्चिमेकडचे डेटाबेस आपोआप मुख्य झाले, पण पूर्वेकडच्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोचल्या नव्हत्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. म्हणून प्रमोट करण्याआधी जुन्या सर्व्हरची पॉवर केबल काढा, आणि हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

खोलीचा मुद्दा थोडक्यात. मुख्य सर्व्हर आणि रेप्लिका एका खोलीत, एका यूपीएसवर असतील तर आग, पाणी, चोरी दोघांनाही सारखीच गाठते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

तुम्ही हे बसवायचं ठरवलंत तर एका गोष्टीवर रोज लक्ष ठेवा. आर्काइव्ह कमांड फसायला लागली की पोस्टग्रेस वॉल फाइली पुसत नाही, त्या डिस्कवर साचत जातात, आणि डिस्क भरली की डेटाबेस बंद पडतो. पीजी स्टॅट आर्काइव्हर या पोस्टग्रेसमधल्या तयार तक्त्यात (व्ह्यूमध्ये) शेवटची यशस्वी आणि शेवटची फसलेली वेळ दिसते. सकाळी संकलनाआधी ती बघायला अर्धा मिनिट पुरतो. आणि महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर खरोखर रिस्टोअर करून मागच्या बिलाची बेरीज जुळते का बघा. ती जुळली तरच मी त्याला बॅकअप म्हणेन.

आवृत्ती १२ किंवा पुढची असेल तर रिकव्हरीच्या सेटिंग मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये जातात आणि सोबत एक रिकामी सिग्नल फाइल ठेवावी लागते. त्याआधीची असेल तर त्यांची स्वतंत्र कॉन्फिग फाइल असते. तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे आणि डेटाबेस किती जीबीचा आहे ते कळवा, त्याप्रमाणे नेमक्या ओळी इथेच खाली लिहून देतो.