शंकूसाठी पत्राच का : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. भुसा वेगळा करणाऱ्या घरगुती सायक्लोनच्या, म्हणजे व्हॅक्यूमने ओढलेली हवा गोल फिरवून तिच्यातला भुसा खालच्या ड्रममध्ये पाडणाऱ्या उपकरणाच्या, शंकूसाठी मी माझ्या लेखात गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा सुचवला होता. त्यावरचे आपले आक्षेप थोडक्यात असे : २८ गेजचा पत्रा व्हॅक्यूमच्या ओढीने चेपेल, तो पुण्याच्या पावसाळ्यात गंजेल आणि भुशाच्या घर्षणाने झिजेल, त्याऐवजी पारदर्शक पॉलिकार्बोनेट वापरावे, आणि त्याला तांब्याची तार गुंडाळली की स्थिर विद्युतेचा प्रश्नही सुटतो. एवढे पर्याय समोर असताना पत्र्याला चिकटून राहणे हा ‘जुनाट हट्ट’ आहे, असेही आपण म्हणता. हट्टाबद्दल घरच्यांचेही मत आपल्यासारखेच आहे, तेव्हा तो मुद्दा सोडून बाकीच्यांकडे वळतो.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ब्लोअर होता, जो हवा पुष्कळ ओढतो पण फारसा दाबफरक निर्माण करत नाही. आपल्याकडे शॉप व्हॅक्यूम, म्हणजे कार्यशाळेत वापरायचा व्हॅक्यूम क्लीनर आहे; त्याची नळी चोंदली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २० किलोपास्कलने खाली जाऊ शकतो, म्हणजेच दर चौरस मीटरला साधारण दोन टनांचा भार. लेखातील शंकूचे वक्रपृष्ठफळ ०.३१ चौरस मीटर आहे, त्यामुळे सर्व बाजूंनी मिळून सहाशे किलोंहून अधिक भार त्याला आत दाबत असतो. २८ गेजचा पत्रा जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड असतो आणि २४ गेजचा सुमारे ०.६ मिलिमीटर. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्याशा फरकाने पत्रा तिपटीहून अधिक ताठ होतो. मूळ लेखात २४ गेज अशी दुरुस्ती केली आहे.

मात्र ज्या दाबाच्या आधारे आपण माझा पत्रा बाद केलात, तोच दाब आपण सुचवलेल्या पॉलिकार्बोनेटला अधिक जड जाईल. पॉलिकार्बोनेटची शीट न तापवता वाकवायची असेल तर वक्रतेची त्रिज्या जाडीच्या किमान शंभरपट ठेवावी, असा ती बनवणाऱ्यांचाच साधारण नियम आहे. माझ्या सायक्लोनच्या वरच्या दंडगोलाची त्रिज्या १५० मिलिमीटर आहे, तेव्हा तिथे दीड मिलिमीटरची शीट नियमात बसते. शंकूच्या खालच्या तोंडाची त्रिज्या मात्र ५० मिलिमीटर आहे. तिथे अर्ध्या मिलिमीटरहून जाड शीट चालत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरचे प्लास्टिक आपल्या व्हॅक्यूमपुढे क्षणभरही तग धरणार नाही. तापवून आकार द्यायचा तर शीट आधी भट्टीत तासन्‌तास सुकवावी लागते, नाहीतर तिने शोषलेल्या ओलाव्याचे बुडबुडे येतात. जुलै महिन्यात, गच्चीवरच्या शेडमध्ये हे कोणी करू पाहत असेल तर मला त्याचे कौतुकच वाटेल.

हे मी नुसत्या हिशेबावरून लिहीत नाही. माझा पहिला शंकू पारदर्शक शीटचाच होता. प्लास्टिक सतत उलगडू पाहते, त्यामुळे रिव्हेट मारल्यावरही खालचे तोंड गोल न राहता थेंबाच्या आकाराचे झाले, सिलिकॉन भरलेला सांधा महिन्याभरात सुटला आणि बारीक धूळ ड्रमऐवजी थेट व्हॅक्यूमच्या फिल्टरमध्ये जाऊ लागली. कारण उघड आहे. सायक्लोनमध्ये सर्वांत कमी दाब मध्यभागी, वर चढणाऱ्या भोवऱ्याच्या गाभ्यात असतो, आणि तो गाभा शंकूच्या खालच्या तोंडापर्यंत पोचलेला असतो. तिथे फट राहिली की बाहेरची हवा आत घुसते आणि खाली उतरलेली धूळ पुन्हा उचलून वर नेते. म्हणून शंकूच्या बाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो की दिलेला आकार वस्तू स्वतःहून धरून ठेवते की नाही. पत्रा वाकवला की वाकलेलाच राहतो.

आकार आखणेही अवघड नाही, कारण ही आकृती म्हणजे दहावीच्या भूमितीतला शंकूछेद आहे. वरचा व्यास ३००, खालचा १०० आणि उंची ४९० मिलिमीटर घेतली की तिरकस उंची ५०० येते. मग ७५० आणि २५० मिलिमीटर त्रिज्यांच्या दोन कंसांमधली ७२ अंशांची वर्तुळपाकळी कापायची आणि सांध्यासाठी एका कडेला १५ मिलिमीटर जादा ठेवायचे. आधी पुठ्ठ्यावर कापून पाहावे. हाताने वळवणे जमत नसेल तर एसीचे डक्ट बनवणारे फॅब्रिकेटर भोसरीत आहेत, त्यांच्याकडे रोलर असतो.

सांधा आतून कौलांसारखा असावा : फिरणारी हवा वरच्या कडेवरून खालच्या कडेवर उतरली पाहिजे, कडेला धडकता कामा नये. आतली बाजू जितकी गुळगुळीत तितकी बरी. तांबट आळीतल्या भांड्यांवरचे मठारकाम मला फार आवडते, पण शंकूच्या आत तसे ठोक्यांचे खळगे नकोत.

गंजाबद्दल आपण अर्धे बरोबर आहात. माझ्याही एका शंकूचा सांधा गंजला, पण दोष पावसाचा नव्हता. डाग देताना (सोल्डरिंग करताना) तो नीट धरावा म्हणून लावलेल्या झिंक क्लोराइडच्या फ्लक्सचा अंश मी धुतला नव्हता आणि तो हवेतला ओलावा ओढत राहिला. गरम पाण्याने नीट धुतलेला दुसरा शंकू पुढच्या पावसाळ्यात स्वच्छ राहिला. सांध्याला वेल्डिंग मात्र करू नये. जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो. झिजेची भीती सिमेंट किंवा वाळू हाताळणाऱ्या कारखान्यांत रास्त आहे. सुटीच्या दिवशी सागवान आणि प्लायवूड कापणाऱ्याने ती बाळगू नये.

तांब्याच्या तारेविषयी मात्र मी असहमत आहे. प्लास्टिक विद्युतरोधक असल्याने तार जिथे टेकते तेवढ्याच जागेवरचा विद्युतभार निघून जातो, उरलेल्या पृष्ठभागावरचा तिथेच राहतो. पत्र्याचा शंकू सगळाच वाहक असतो, त्याला एका स्क्रूने अर्थिंग जोडले की काम झाले.

आत काय चालले आहे हे दिसावे, ही आपली अपेक्षा मला पटते. त्यासाठी वरचा दंडगोल पॉलिकार्बोनेटचा करावा, तिथे तो शोभतोही आणि टिकतोही. त्याच्या दोन्ही कडांना प्लायवूडची गोल कडी मात्र बसवावी. खरी गरज ड्रम कितपत भरला हे कळण्याची असते, म्हणून ड्रमलाही एक खिडकी ठेवावी.

आपल्याकडे व्हॅक्यूम असल्यामुळे एक जादा सूचना : नळी चोंदली तर बाहेरची हवा आत घेणारी स्प्रिंगची झडप व्हॅक्यूम आणि सायक्लोन यांच्या मधल्या नळीवर बसवा. ती ड्रमवर बसवू नका, नाहीतर ती उघडताच साठलेली धूळ पुन्हा वर जाईल. शंकू २४ गेजचा केला तरी खालचा प्लास्टिकचा ड्रम चेपण्याची शक्यता उरतेच.