राखणदाराची राखण

गाडी पहिल्यांदा पडली तेव्हा ती उभी होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण "किती स्पीडला होतास?" असं जो तो विचारतो आणि "शून्य" असं उत्तर दिलं की पुढची सहानुभूती आटते. बेळगावात टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलं होतं. पुढे भाजीची हातगाडी, मागे रिक्षा, मधे मी आणि माझी तीन आठवड्यांची हिमालयन ४५० मोटरसायकल. वजन १९६ किलो. टाकी १७ लिटरची, तीही त्याच सकाळी काठोकाठ भरलेली. सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर. माझा पाय किती मिलिमीटरचा आहे हे मी गाडी घेताना मोजलं नव्हतं. मी न्यूट्रल टाकून डावा पाय खाली सोडला, तर जिथे रस्ता असायला हवा होता तिथे चार बोटं खड्डा होता.

एवढी जड वस्तू कलंडायला लागली की पहिली दोन बोटं ती आपली असते. नंतर ती पृथ्वीची. मी दात-ओठ खाऊन तिला धरली, मग नुसती सोबत केली. लग्नात नवरदेवाच्या आजोबांना खुर्चीत बसवतात तशी ती अगदी सावकाश, मानानं जमिनीवर टेकली. तेवढ्यात आडवी पॅसेंजर गेली. तिच्या खिडक्यांतून किती डोळे माझ्याकडे बघत होते ते सांगत नाही.

पडलेली गाडी उचलायची पद्धत मला पाठ होती. तिच्याकडे पाठ करायची, गुडघ्यात वाकायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कॅरिअर धरायची आणि मागे मागे चालत जायचं. मी पाठ केली, वाकलो, आणि बघतो तर रिक्षावाल्यासह चौघांनी गाडी आधीच उभी केलेली. मी एकटाच रस्त्यात वाकून उभा.

क्लचचा लिव्हर वाकला होता, टाकीवर दोन बोटं ओरखडा होता. भाजीवाल्या मावशींनी तो बोटाने चाचपला आणि निकाल दिला, "गार्ड न्हाई व्हय ह्याला? एवढी मोठी गाडी आणि उघडीच!"

तिथून पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यात दुसरा विषय नव्हता.

बेळगावात गोव्याला कुठल्या घाटानं जावं हे कुणालाही विचारू नये. चोर्ला, तिळारी आणि आंबोली असे तीन पक्ष आहेत आणि तिघेही तुम्हाला जेवायच्या वेळेपर्यंत सोडत नाहीत. क्रॅश गार्डचं, म्हणजे गाडी पडली तर मार आपल्यावर घेणाऱ्या पाईपांच्या पिंजऱ्याचं, तसंच आहे, फक्त पक्ष जास्त. आमच्या रविवारच्या टोळीत सहा गाड्या आणि आठ मतं आहेत. एकाचं म्हणणं, वरचा गार्ड पाहिजे, रेडिएटर आणि टाकी वाचली पाहिजे. दुसरा म्हणतो, खालचा पाहिजे, इंजिन फुटलं तर रेडिएटर काय चाटायचाय? तिसरा दोन्ही बसवून फिरतो आणि त्याची गाडी लांबून बांधकामाला परांची लावल्यासारखी दिसते. चौथ्याचं तत्त्वज्ञान असं की गार्डच नको, पडायचंच नाही. तो सगळ्यात जास्त पडतो.

घरी आईचा पहिला प्रश्न साडी गार्डचा. तो आहे म्हटल्यावर तिच्या दृष्टीनं गाडीची सुरक्षितता पूर्ण झाली होती. (यात ती कायद्याच्या बाजूला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे, त्यानुसार मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण मोटरसायकलला लागतंच. आमच्या टोळीतले निम्मे वीर गाडी घरी आणली की पहिलं तेच आवरण काढतात, आणि मग पाठीवर चिखलाची सरळ रेघ घेऊन हिंडतात.) दुसरा गार्ड पडण्यासाठी आहे असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग स्टीलचंच घे. गंजत न्हाई. माझा पिठाचा डबा बघ, तुझ्या जन्माच्या आधीचा हाय."

चंदगडच्या मेहुण्याला तर प्रश्नच कळेना. त्याच्या गाडीला लेग गार्ड आहे. त्याला डावीकडे दुधाचं कॅन, उजवीकडे वैरणीचा भारा आणि वर दोरीनं बांधलेला रेनकोट. "पडायसाठी गार्ड कशाला घ्याल्यासा दाजी? काय अडकवणार त्याला?" मी म्हटलं, काहीच नाही. तो बराच वेळ माझ्याकडे दयेनं बघत राहिला.

शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त. त्यांनी जुनं कात्रण काढून दाखवलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं होतं, की वाहनांना लावलेल्या बेकायदा क्रॅश गार्डांवर कारवाई करा. "आत जाशील," काका म्हणाले. मी समजावलं, ती ओरड मोटारींच्या पुढच्या अवजड बुल बारची, म्हणजे लोखंडी दांड्यांची होती. रस्त्यावरच्या माणसाला ते घातक आणि त्यांच्यामुळे एअरबॅगही दगा देऊ शकते. काकांनी ऐकून घेतलं आणि कात्रण मला ठेवून दिलं, वकिलाला दाखवायला.

शेवटी रात्री दीड वाजता, जेव्हा माणसाचे सगळे वाईट निर्णय होतात, तेव्हा मी फोनवरून एक गार्ड मागवला. कुठला ते सोडा. 'हेवी ड्यूटी' एवढंच लक्षात आहे, कारण तो शब्द तीन ठिकाणी होता. चार दिवसांनी खोकं आलं. कॉलनीतल्या गॅरेजवाल्यानं डावी बाजू बसवली, उजवी बसेना. भोक आणि बोल्ट यांच्यात अर्ध्या बोटाचं भांडण. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, थोडासा खींच लीजिए." गॅरेजवाल्यानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं खेचला. भोक तिथंच राहिलं, माझी पाठ मात्र जागची हलली.

तो गार्ड काखेत मारून मी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, मिस्त्री मामांकडे गेलो.

मामांनी तीस-पस्तीस वर्षं फाउंड्रीत काढली. आता मुलाच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्टुलावर बसून असतात आणि मुलाला काम करू देत नाहीत. त्यांनी गार्ड हातात घेतला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. मग खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढून उघड्या टोकाला लावला.

"दोन एमएम लिहिलंय न्हवं? दीड हाय."

"मग जाड घेऊ?"

"जाड घे, खरं पाईप जाड करून बोल्ट बारका ठेवलास तर काय उपयोग? बस."

मी वाळूच्या पोत्यावर बसलो. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरचे पाहुणे यात हमखास फसतात.

मामांनी गाडीच्या पोटाखाली वाकून गार्डचे बोल्ट कुठे येतात ते पाहिलं. मग इंजिनवर हात ठेवून मला विचारलं, "हे कशाचं?" मी म्हटलं, ॲल्युमिनियमचं. "कास्टिंग हाय, ओतीव. मी जन्मभर कास्टिंग केलोय. कास्टिंग वाकत न्हाई, तडकतंय. आता बघ, गाडी पडली. पयला जिमिनीला कोण टेकला? गार्ड. गार्ड वाकला तर मार तिथंच जिरला. वाकलाच न्हाई तर तो मार जातोय कुठं? बोल्टातनं सरळ आत. मग फ्रेम तरी वाकतीय न्हाईतर इंजिनचा कान, बोल्ट बसतोय त्यो, तरी तुटतोय. तुझा गार्ड तसाच चकचकीत राहतोय आणि तू इंजिन घिऊन माझ्याकडं येतोस."

म्हणजे दोन महिने मी न वाकणारा गार्ड शोधत होतो आणि पाहिजे होता नेमका उलटा.

"मग स्टेनलेस?" मी आईच्या पिठाच्या डब्याला स्मरून विचारलं.

"दिसायला चांगलं. गंजत न्हाई. खरं वाकलं तर सरळ करायला तरास आणि वेल्डिंगला सगळ्या खेड्यात माणूस मिळत न्हाई. माइल्ड स्टील घे. कुठल्या बी गावात मिस्त्री त्येला सरळ करून दितोय. गंजू नये म्हणून पावडर कोटिंग मार, आणि पाऊस संपला की निघालेल्या जागी बोट फिरव रंगाचं."

मग जमिनीवर खडूनं हिशेब झाला. २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पाईप मीटरला सव्वा किलोच्या आतच भरतो. २२ चा घेतला तर बरोबर किलोभर. दोन्ही बाजू, वरखाली, मधला जोड धरून पाच मीटर. म्हणजे पाच-सहा किलो. "तू स्वतःच पाच किलो कमी केलास तर गाडीला कळणार बी न्हाई," मामा म्हणाले. खडू माझ्या पोटाकडे रोखलेला होता.

त्यांच्या अटी साध्या होत्या. डावी-उजवी बाजू पुढून एका आडव्या पाईपनं जोडलेली पाहिजे, म्हणजे एका बाजूचा मार दोन्ही बाजू वाटून घेतात. नुसता इंजिनच्या बोल्टावर लटकलेला नको, फ्रेमलाही धरलेला पाहिजे. ऑइल फिल्टर बदलायला अख्खा गार्ड उतरावा लागला तर तो बनवणाऱ्याला मारायचा. आणि गाडी आडवी केल्यावर टाकीच्या आधी गार्ड टेकला पाहिजे, पण इतकाही बाहेर नको की पायवाटेवर झुडपं ओढत न्यावी.

मागवलेल्या गार्डचा जोड मामांनी कापला आणि बाकीचा नवा बांधायला घेतला. मुलाकडे हायड्रॉलिक बेंडर होता, तरी मामांनी एक वळण जुन्या पद्धतीनं करून दाखवलंच. पाईपात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारल्या, वळणाच्या जागी गॅसनं लाल केला आणि हळूहळू वाकवला. वाळूमुळे पाईप चेपत नाही, गोल राहतो. गुट्टी काढल्यावर गरम वाळू भसकन खाली सांडली आणि पाईपाचा कोपर बाळाच्या कोपरासारखा गुळगुळीत. त्या क्षणी मी नव्या हिमालयनपेक्षा त्या पाईपाच्या जास्त प्रेमात पडलो.

आणि इथंच घोटाळा झाला.

पावडर कोटिंग होऊन गार्ड बसला. काळा, मॅट, हात फिरवावा असा. शेडमधला हुक्केरीकडचा पोरगा बोल्ट आवळून म्हणाला, "एनू आगंगिल्लरी, होगरी." काही होत नाही, जावा. पण मी जाऊ कसा? त्या कोटिंगवर ओरखडा उठला तर? मी दुसऱ्या गेटवरून जायचं सोडलं. तिसऱ्या गेटला पूल झालाय, तिकडून वळसा घालायला लागलो. आईनं एकदा दुधाची पिशवी गार्डला अडकवली तर घरात बोलणं बंद झालं. मग गार्डला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर बसवायचे नायलॉनचे जाड गोटे मिळतात असं कळलं, ते आणले. गोट्यांचा रंग उन्हानं जातो असं कुणीतरी सांगितलं. बायकोनं एक दिवस न बोलता जुनी सुती साडी आणून दिली. "हिच्यात गुंडाळ सगळंच. साडी गार्ड म्हणत होत्या सासूबाई, तो हाच असंल."

जुलैत टोळी निघाली. जांबोटी सोडलं की हवा बदलते. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, पाऊस आडवा, उभा आणि खालून वर असा तिन्ही बाजूंनी लागला. जंगलात शिरायचा प्रश्न नव्हता. भीमगड अभयारण्याची हद्द आहे, आणि असल्या उद्योगासाठी शिरूही नये. पण खानापूर तालुक्यात ऑफरोड करायला जंगल लागत नाही, कुठल्याही वाडीचा रस्ता पुरतो. एका वाडीकडे जाणारा लाल उतार होता. जांभ्याची माती, वर शेवाळ. त्यावर ब्रेक लावणं म्हणजे तुपातल्या पुरणपोळीवर उभं राहणं. मी उभा राहिलो, गाडी नाही.

या वेळी स्पीड होता. ताशी सात-आठ किलोमीटर, पण होता.

डावीकडे धप्प. पाय मोकळा राहिला, कारण गाडी गार्डवर टेकून थोडी उचललेलीच होती. बाजूच्या शेतात रोपं लावणाऱ्या बायकांपैकी एक आजी इरलं सावरत आल्या. "मी मघाशीच म्हणालो, हा आता पडतोय," त्या समाधानानं म्हणाल्या. "लागलं व्हय?"

मला लागलं नव्हतं. टाकीवर पुसट रेघसुद्धा नाही. लिव्हर सरळ. रेडिएटर कोरडा. मी गुडघ्यावर बसून गार्डच्या खालच्या कोपरावरचा चिखल बोटानं पुसला. कोटिंग दोन इंच निघालेलं आणि ते गुळगुळीत वळण आत बसलेलं. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. टोळीतल्या चौथ्यानं, न पडण्याचं तत्त्वज्ञान असलेल्यानं, मला जवळ घेतलं. आजींना वाटलं घरचं कुणी गेलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमबाग. मामांनी वाकलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग खाली झोपून बोल्ट बघितले, इंजिनचा कान बघितला, फ्रेमला टकटक केलं. उठून बसले तेव्हा चेहऱ्यावर मुलगा पास झाल्याचा आनंद होता.

"किती झ्याक वाकलाय बघ."

"मामा, सरळ करून द्या की."

"कशाला? एवढ्यासाठी तापवलं तर तिथला कोटिंग सगळा जातोय. अजून दोन मार खातोय त्यो." त्यांनी चहा मागवला, गाडीभोवती एक फेरी मारली, लांब जाऊन डोळे बारीक करून दोन्ही बाजू ताडून बघितल्या.

"आता पडलास तर उजवीकडं पड. दोन्ही बाजू सारख्या दिसतील."