अल्गोलचं मॅचिंग

शनिवारी मी दिलेला आकडा आमच्या ग्रुपने बाजूला ठेवला आणि आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आकडा "एकदम करेक्ट" म्हणून उचलला. काका तारा बघायला आलेच नव्हते, टाकी भरली का बघायला गच्चीवर आले होते. मी हे काम अकरा वर्षं करतोय. असो. म्हणजे असो म्हणतोय, पण असो नाहीये.

काम म्हणजे रूपविकारी तारे. (बायकोच्या मैत्रिणीला हा त्वचारोग वाटला होता.) ज्या ताऱ्यांचं तेज कमीजास्त होतं ते बघायचे, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडायचे आणि तेजाचा आकडा द्यायचा. मोठ्या दुर्बिणींना एकेका ताऱ्यापाशी रोज बसायला वेळ नसतो, म्हणून जगभरातले आमच्यासारखे रिकामटेकडे हे करतात आणि सगळ्यांचे आकडे एकत्र आले की आलेख तयार होतो. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून असे आकडे गोळा करतेय. आमचा ग्रुप चौघांचा, मुलुंड, वसई, नाशिक, सातारा. नियम एकच, आपला आकडा टाकल्याशिवाय दुसऱ्याचा बघायचा नाही.

शनिवारी अल्गोल होता. ययाती तारकासंघातला हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ वरून ३.४ पर्यंत उतरतो. आकडा वाढला की तारा मंद, हे उलटं गणित नातेवाइकांना समजावण्यात माझी दोन लग्नकार्यं गेलीत. अल्गोलच्या समोर त्याचा मंद जोडीदार आडवा येतो असं १७८३ साली यॉर्कमधल्या जॉन गुडरिक नावाच्या अठरा वर्षांच्या कर्णबधिर पोराने सुचवलं होतं. अठराव्या वर्षी मी मुलुंड स्टेशनवर फास्ट लोकल सोडून स्लो पकडायची की नाही हे ठरवत उभा असायचो.

तर गच्चीवर चटई टाकून पडलो होतो, डोळ्यांवर हात. कारण हॅलोजन. मागच्या वर्षी टाकीचा पितळी नळ चोरीला गेला म्हणून कमिटीने टाकीवर हॅलोजन लावला. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि हा दिवा डोक्यावर. तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्यावर "मीटिंगमध्ये ठेवू", तिसरा सेक्रेटरींनी वॉचमनच्या हाती परत पाठवला, वर पेनाने लिहून, "विषय स्पष्ट करावा". आणि समोरच्या रिडेव्हलपमेंटच्या क्रेनवर रात्रभर जळणारे दिवे, हायवेचं होर्डिंग, ते तर अर्जाच्याही पलीकडचे. मेंटेनन्स वेळेवर भरतो मी, आणि आभाळ बघायला हात आडवा धरून पडायचं. सोडा.

"काय रे, चक्कर आली?" काका.

"नाही काका, तारा बघतोय."

"झाकून?"

सांगितलं सगळं. काका ऐकून घेतात, तो त्यांचा धंद्याचा गुण. दादरला मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर अडतीस वर्षं. साडीचा पदर हातात घेऊन मागच्या दीडशे ठाणांतून न बघता टू बाय टूचा पीस ओढणारा माणूस.

"ह्याचे देतात किती?"

"काही नाही. कोड मिळतो आपल्या नावाचा."

"कसला? डिस्काउंटचा?"

मग मी माझं हुकमी उदाहरण काढलं. राधागोविंद चंद्र, बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरीला. नोकरी सांभाळून ह्या माणसाने एएव्हीएसओला सदतीस हजारांवर निरीक्षणं पाठवली, तीही त्या काळात, आणि मधेच संस्थेने त्याला सहा इंची दुर्बीण बोटीने पाठवून दिली. हे ऐकून लोक साधारणपणे गप्प होतात. काका म्हणाले, "खजिन्यातला ना? मग नजर असणारच." आणि खिशातून फोन काढला, "हं, तो वरचा दिवा बंद कर जरा. हो, मीच. अर्धा तास." हॅलोजन गेला. एका फोनवर. माझे तीन अर्ज फाइलला आहेत, झेरॉक्ससकट.

"ट्यूबखाली शेड बघायची नसते," काका चटईवर बसत म्हणाले. "गिऱ्हाइकाला आम्ही पीस घेऊन फुटपाथवर पाठवायचो. दाखव, कुठला?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काकांना चार महिने झालेत, नवी भिंगं, चष्मा नाही. मी नकाशा उघडला. नकाशात ताऱ्यांपुढे २१, ३० असे आकडे असतात, मधलं टिंब देत नाहीत, नाहीतर ते टिंबच तारा वाटेल. हे काकांना फार पटलं. २१ चा तारा दाखवला, तो देवयानीतला, आणि ३० चा, तो ययातीतलाच, मधे आमचा अल्गोल. मी डोळे रोखून बघत होतो तर मांडीवर चापट.

"असं टक लावून नाही बघायचं. रंग डोळ्यात उतरतो, मग सगळंच सारखं दिसतं. एकदा बघ, नजर काढ, परत बघ."

हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मी अकरा वर्षं नव्या लोकांना हेच सांगत आलोय, बरोबर ह्याच आवाजात.

दोनतीनदा वर-खाली बघून काका म्हणाले, "ह्या जोरकसवाल्यापासून दोन हिस्से लांब, मंदवाल्यापासून एक. अस्तराला चालेल, ब्लाऊजला नाही." दोन हिस्से आणि एक हिस्सा, म्हणजे २.७. मी मनातल्या मनात हसलो आणि ३.२ टाकला, म्हणजे त्या मंदवाल्याच्याही खाली. गंमत म्हणून "शेजारच्या काकांचा २.७" असंही लिहिलं. चूक झाली.

बाकी तिघांचे आकडे उघडले तर २.७, २.८, २.७. नाशिकवाल्याने लिहिलं, "मिनिमम किती वाजता धरलास?" मिनिमम म्हणजे तारा सगळ्यात मंद असतो ती वेळ. धरला होता ८:४०. १६:१० युनिव्हर्सल टाइम, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे तर मी साडेचार मिळवले. मिनिमम होता ९:४० ला. म्हणजे आम्ही बघितला तेव्हा, आठ वाजता, तारा अजून बराच वर होता, मला मात्र तो तळाला जवळजवळ टेकलेला दिसला होता, स्वच्छ दिसला होता, अगदी शपथेवर. काकांना मिनिमम म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यांनी वर होता तेवढाच सांगितला.

खाली हसणारे चेहरे, अंगठे, आणि साताऱ्याहून "काकांना ग्रुपमध्ये घ्या".

घेतले. पर्याय नव्हता. आता मंगळवारी पुढचा मिनिमम ६:२९ ला, संध्याकाळच्या उजेडात, काही दिसणार नाही हे मी कळवलं होतं. आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले, कालनिर्णयचं पान फाडून खिशात ठेवलेलं, त्यावर पेन्सिलने सहा एकोणतीस.

"हे तूच काढलंस ना? मग मी आपला वसईवाल्याला फोन करून विचारून घेतो."