‘वाइल्डवुड फ्लॉवर’ला ‘फक्त साथ’ कोणाची?

माझी भाची वर्षभरापासून गिटार शिकते आहे. परवा तिने सगळीकडे फिरणारा एक संदेश पाठवून विचारले, “मावशी, हे खरं आहे का?” अमेरिकी कंट्री संगीतातले ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे गाणे ए. पी. कार्टर यांनी 1927 मध्ये अमेरिकेतल्याच ब्रिस्टल येथे स्वतः रचून ध्वनिमुद्रित केले, घरातल्या दोघी बायकांनी त्यांना फक्त साथ दिली आणि आज ते गाणे संग्रहालयापुरतेच उरले आहे, असे त्यात ठणकावून सांगितले आहे.

कार्टर कुटुंबाचे पहिले ध्वनिमुद्रण 1927 मध्ये ब्रिस्टलला झाले हे खरे. हे गाणे मात्र 10 मे 1928 रोजी न्यू जर्सीतील कॅमडेन येथे मुद्रित झाले.

रचनेचा दावा तर टिकूच शकत नाही. ए. पी. जन्मले 1891 मध्ये आणि हे गाणे छापले गेले 1860 मध्ये, ‘आय विल ट्वाइन मिड द रिंगलेट्स’ या नावाने. चाल जोसेफ फिलब्रिक वेबस्टर यांची होती, शब्दांसाठी मॉड आयर्विंग हे नाव होते. केसांत माळायच्या फुलांमध्ये त्या छापील प्रतीत ‘पेल ॲरोनॅटस’ नावाचे फूल आहे. ए. पी. यांच्या पत्नी सारा गातात त्या ओळीत त्याचे ‘पेल अँड द लीडर’ झाले आहे, ज्याचा अर्थच लागत नाही. तोंडातोंडी आलेले शब्द असेच झिजतात. स्वतः गाणे रचणारा माणूस स्वतःच्या ओळीत असे काही कशाला घालेल? ए. पी. यांनी डोंगरांतून हिंडून गाणी गोळा केली आणि श्रेयही त्यांच्याच नावे लागले, एवढे मान्य करावे लागेल.

‘फक्त साथ’ हे शब्द मात्र मला सहन होत नाहीत. या मुद्रणात ए. पी. गातच नाहीत. गातात त्या सारा, आणि गिटार वाजवतात त्या ए. पी. यांच्या भावजय मेबेल, ज्यांचा त्या दिवशी 19वा वाढदिवस होता. गिटारने बहुधा नुसता ताल धरायचा, अशा त्या काळात मेबेल अंगठ्याने खालच्या सुरांच्या जाड तारांवर संपूर्ण चाल वाजवतात आणि बोटाने बारीक तारा छेडत ताल चालू ठेवतात. एकाच हातातून चाल आणि ताल दोन्ही येतात, तरीही याला साथ म्हणायचे?

आणि संग्रहालयाचे म्हणाल, तर 1941 मध्ये बुडालेल्या ‘रूबेन जेम्स’ या युद्धनौकेवरचे गाणे अमेरिकी लोकगायक वुडी गथ्री यांनी याच चालीवर बांधले. मेबेल यांची गिटार आज नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे हे खरे, पण अंगठ्याचा तो धडा भाचीच्या शिकवणीत याच महिन्यात चालू आहे.