‘दोनशे तास वाजू द्या’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर (हेडफोनला पुरेशी ताकद पुरवणारा डबा, थोडक्यात अ‍ॅम्प) नव्यानं घेणाऱ्याला एक ठरावीक सल्ला सगळीकडून मिळतो. मजकूर साधारण असा : अ‍ॅम्प कर्कश वाटला तर घाबरू नका, दोनशे तास वाजू द्या, आवाज आपोआप मोकळा होतो, गुणगुण ऐकू आली तर भारी केबल घ्या, ताकद जितकी जास्त तितका आवाज भरदार, आणि मापांच्या नादी लागू नका, शेवटी कान खरे. चारही गोष्टी ऐकायला शहाणपणाच्या वाटतात. त्यातल्या पहिलीवर विसंबून मी माझा एक चांगला हेडफोन धोक्यात घातला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सर्किट तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, हे मान्य. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला पंधरा-वीस मिनिटं, ट्रान्झिस्टर किंवा ऑपअँपच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपच्या) सर्किटला सहसा त्याहून कमी. बरेच दिवस पडून असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वीज मिळाल्यावर पूर्वपदावर येतात, तेही खरं. पण त्यानंतर आठवडेच्या आठवडे आवाज सुधारत राहावा असं त्या डब्यात काही उरत नाही. बदलतो तो ऐकणारा. रोज तोच आवाज ऐकून मेंदू त्याला सरावतो. हेडफोनच्या गाद्या दबून कानांवर नीट बसतात आणि त्यानं खर्ज खरोखरच बदलतो. श्रेय मात्र अ‍ॅम्पला जातं.

सरावण्यात वाईट काही नाही. वाईट हे, की तेवढ्या काळात खरा बिघाड झाकला जातो. माझ्या अ‍ॅम्पचा नॉब फिरवला की उजव्या कानात खरखर यायची. ‘नवा आहे, वापरून बसेल’ असं मला सांगण्यात आलं आणि मी तीन आठवडे वाट पाहिली. मग एकदाचा मल्टिमीटर डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) मिलिव्होल्टवर ठेवला आणि हेडफोन न लावता आउटपुट मोजलं. डावीकडे ३, उजवीकडे ३१०! ३२ ओहमच्या हेडफोनमधून एवढ्या व्होल्टेजला जवळपास १० मिलिअँपिअर प्रवाह अखंड वाहतो. त्यानं कॉइल जळत नाही, पण डायफ्रॅम (आवाज काढणारा पडदा) आपली मधली जागा सोडून एका बाजूला सरकलेला राहतो आणि जोरकस खर्जात आवाज फाटू लागतो. नॉब खाली आणला की तो आकडाही खाली येत होता, म्हणजे डीसी नॉबच्या अलीकडून येत होता. इनपुटची वायर काढली, तर दोन्हीकडे ३. दोष अ‍ॅम्पमध्ये नव्हताच. मागच्या डॅकच्या (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणाऱ्या उपकरणाच्या) उजव्या चॅनेलमधला कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त संगीत पुढे सोडणारा भाग, गळत होता. दोनशे काय, दोन हजार तासांनीही तो बरा झाला नसता.

म्हणून कळकळीनं सांगतो, नव्या अ‍ॅम्पला हेडफोन लावण्याआधी हे एवढं मोजाच. दोन मिनिटांचं काम आहे. दहा-वीस मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त लावा. पन्नासच्या वर गेलं तर आधी कारण शोधा. प्रत्येक खरखर डीसीमुळेच येते असं नाही. जुन्या पॉटमध्ये (नॉबमागच्या व्हॉल्यूमच्या भागात) धूळ असते, ती काँटॅक्ट क्लीनरनं जाते.

आता गुणगुण. केबलचा विचार सगळ्यात शेवटी. आधी अ‍ॅम्पच्या इनपुटची वायर काढा आणि ते इनपुट शॉर्ट करा, म्हणजे त्याची सिग्नल आणि ग्राउंडची टोकं एकमेकांना जोडा (मोकळं सोडलेलं इनपुट स्वतःच गुणगुण पकडतं, म्हणून शॉर्ट). आवाज गेला तर बहुधा ग्राउंड लूप आहे : दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थिंगला पोचतात आणि मेनचा ५० किंवा ६० हर्ट्झचा प्रवाह केबलच्या शील्डमधून फिरतो. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला आणि गुणगुण थांबली, तर शंका उरत नाही. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावा, नाहीतर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे पाठवणारा) किंवा ऑप्टिकल जोडणी घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर कृपा करून ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. इनपुट शॉर्ट करूनही गुणगुण राहिली, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर तपासा. नॉबशी काही संबंध नसलेली बारीक सूंऽऽ मात्र अ‍ॅम्पचीच असते. संवेदनशील इअरफोनला गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) जास्त पडतो आहे, तो कमी करा. आणि गायकाचा आवाज नाहीसा होऊन मागचे ताशे-व्हायोलिन तेवढे विचित्र घुमत असतील, तर जॅकचा कॉमन ग्राउंड सुटला आहे. दोन चॅनेलमधला फक्त फरक ऐकू येतो आणि मधोमध असलेला गळा कटतो. प्लग नीट आत ढकलून पाहा.

ताकदीचं लवकर आटपतं. एका मिलिवॉटला ९७ डेसिबल देणारा ३०० ओहमचा हेडफोन ११० डेसिबलपर्यंत न्यायला २० मिलिवॉट, म्हणजे सुमारे २.५ व्होल्ट पुरतात. त्याच्या वर कितीही वॉट असले, ते पडून राहतात.

‘मापं सोडा, कान खरे’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात कान आणि मापं एकमेकांविरुद्ध उभी केली आहेत. एखाद्या ३०० ओहमच्या डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) खालच्या सुरांत ५५० पर्यंत चढतो. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स १२० असेल, तर तिथे आवाज बाकीपेक्षा सुमारे १.२ डेसिबल उचलला जातो. कानाला हा ‘उबदार खर्ज’ खराच ऐकू येतो. तो कुठून आला ते माप सांगतं. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत असावा, हा ठोकताळा यासाठीच.

कानांवर सोपवायचंच, तर न्यायानं सोपवा. किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प नेहमी जास्त मोकळा, जास्त बारकावे देणारा वाटतो. म्हणून हेडफोन जोडलेला ठेवून, १०० हर्ट्झचा स्वर लावून मल्टिमीटरनं दोन्ही अ‍ॅम्प ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. व्होल्टेजमध्ये तो फरक साधारण एक टक्का येतो. मग दुसऱ्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. १६ खेपांत १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबानं घडण्याची शक्यता चार टक्क्यांच्याही खाली असते.

मी हे माझ्या दोन अ‍ॅम्पवर केलं. त्यातला एक महिनाभर मला स्पष्टपणे सरस वाटत होता. तो ०.८ डेसिबल मोठा होता. पातळी जुळवल्यावर १६ पैकी ९. आता टेबलावर आहे तो दुसरा, कारण रात्री नॉब अगदी खाली असतानाही त्याचे दोन्ही कान सारखे वाजतात.