मेलेल्या कोंबडीत थिमेट भरू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कुत्र्याला एकदा कोंबडीचं रक्त लागलं की ते सुधारत नाही. आपल्या परड्यात शिरलेलं कुत्रं मारलं तर कायदा काही करत नाही. मेलेल्या कोंबडीत थिमेटसारखं विषारी औषध भरून ठेवा, नाहीतर मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधा. तेही जमत नसेल तर कुत्री गाडीत घालून जंगलात सोडा. पंचायतीत जाऊन उपयोग नाही.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. परड्यातल्या कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईचा हक्काचा पैसा. अंड्यांवर तिची भिशी चालते, पोरांच्या वह्या येतात, यात्रेला लेक-जावई आले की कोंबडं घरचंच निघतं. सकाळी दार उघडल्यावर पिसांचा सडा दिसला की काळीज हलतं. पण या संदेशातला एकही सल्ला त्या बाईची पुढची कोंबडी वाचवत नाही.

रक्ताचं म्हणणं अर्धंच खरं आहे. एकदा कोंबडी मारलेलं कुत्रं पुन्हा येतं, हे बरोबर. ते येतं, कारण वाट उघडी असते आणि मागच्या वेळी शिकार सहज मिळालेली असते. फडफडत पळणाऱ्या पाखरामागे धावणं कुत्र्याच्या अंगातच असतं, पोट भरलेलं असलं तरी. म्हणूनच ते पाच-सहा कोंबड्या मारून तिथंच टाकून जातं. मुधोळसारखी नजरेनं शिकार हेरणारी जात तर आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलीच. तिच्या रक्ताची कुत्री पाळणाऱ्यांनी तिला बांधायलाच हवं. उलट, पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढलेली आणि त्यांच्या शेजारीच झोपणारी कुत्रीही वाडीवस्तीवर दिसतात.

मुळात कोंबडी कुत्र्यानंच मारली का, हे आधी बघा. बऱ्याच कोंबड्या मरून इकडंतिकडं पडल्या असतील, कुंपणाखालची माती उकरलेली असेल, तर बहुधा कुत्रंच. रात्रीत एकच कोंबडी गायब झाली असेल तर उदमांजर, रानमांजर किंवा कोल्हा असू शकतो. भरदिवसा मान-डोक्याला चावा दिसला तर मुंगूस. खानापूरच्या रानालगतच्या गावांत तर आधी हीच नावं मनात यायला हवीत.

कुत्रं असलंच तर ते मोकाटच असेल असंही नाही. रात्री साखळी सोडलेलं शेजाऱ्याचं कुत्रंही असतं. अशा वेळी फोटो काढून ठेवा, गल्लीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन जा, शांतपणे भरपाई मागा आणि कुत्रं रात्री बांधायला सांगा.

आता कायदा. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेची कलमं ४२८ आणि ४२९ गेली, तरी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू आहे. प्राण्याला मारणं, विष घालणं, पांगळं करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जागा तुमच्या मालकीची आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळाच. कोंबड्यांवर आलेलं कुत्रं काठी आपटून, ओरडून हाकलायला कुणाचीच मनाई नाही.

सगळ्यात भयंकर सल्ला विषाचा. उसाच्या पट्ट्यात घराघरांत ‘थिमेट’ माहीत आहे. त्यातलं फोरेट हे कीटकनाशक देशात २०२० च्या अखेरीस बंद झालं, पण जुने डबे अजून कोनाड्यात सापडतात. ते मज्जासंस्थेवर घाला घालतं, कातडीतूनही अंगात भिनतं. विष भरलेली कोंबडी कुत्रं जागेवर खात नाही, तोंडात धरून दुसऱ्याच्या गवताच्या गंजीकडे नेतं. त्याची ओकारी तुमच्याच उरलेल्या कोंबड्या टोचतात. कावळे मरतात, मांजर मरतं, आणि परड्यात खेळणारं रांगतं पोर काय उचलून तोंडात घालेल हे कुणाच्या हातात आहे?

गळ्यात मेलेली कोंबडी बांधल्यानं कुत्रं काही शिकत नाही. ते हाल आहेत, आणि गल्लीभर दुर्गंधी.

जंगलात सोडण्याचं पाप तर करूच नका. भीमगड अभयारण्याच्या आसपास सोडलेली कुत्री डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग आणि रेबीज तिथल्या रानकुत्र्यांपर्यंत नेऊ शकतात. शिवाय इकडं रिकामी झालेली गल्ली दुसरी कुत्री धरतात, आणि तुमचं परडं उघडं ते उघडंच.

खरा इलाज खुराड्यात आहे. पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. ते ती दातांनी फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच करा. खाली कुंपण असेल तर जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर दगड ठेवा. कुत्रं उकरायला लागतं ते कुंपणाच्या बुडाशी, आणि तिथं पंजे जाळीला अडकतात. खानापूरकडं जांभ्या दगडाचे तुकडे सहज मिळतात. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात माती भुसभुशीत, तिथं हा पट्टा हवाच. दाराला नुसता दोरा नको, कडी हवी. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत येतात, त्याच वेळी दार लावा आणि नीट उजाडल्यावरच सोडा. गावठी कोंबडी निदान झाडावर उडते. अंगानं जड असलेल्या गिरिराजा जातीच्या कोंबडीला तेही जमत नाही, म्हणून तिला दिवसाही घरात कुणी असतानाच मोकळी सोडा.

कुत्र्यानं मारलेली कोंबडी खाऊ नका, ओढ्यातही टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. सोडवताना कुत्रं चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या.

राहिली पंचायत. चिकन दुकानांची आतडी-पिसं नाल्याकाठी पडतात, तिथं कुत्र्यांचे कळप जमतात आणि मग परड्यात शिरतात. तो कचरा थांबवणं पंचायतीचं काम आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही जबाबदारीही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवरच टाकली आहे. नसबंदीनं कुत्रं कोंबडी सोडेल असं नाही, पण दरवर्षी वाढणारी पिल्लं कमी होतात. तोंडी तक्रार विरून जाते, म्हणून पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावानं लेखी अर्ज द्या. कन्नडमध्ये लिहायला शाळेत जाणारं पोर घरात असतंच. कुठल्या गल्लीत किती कुत्री, कचरा कुठं पडतो, कुणाच्या किती कोंबड्या गेल्या हे लिहा, बचत गटातल्या बायकांच्या सह्या घ्या, आणि पोचपावतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.